मागच्या दाराचा कॅमेरा

"अण्णा, एवढ्या खाली नका लावायला सांगू," शिडीवर चढलेला मुलाणी म्हणाला. "चोर नुसता हात वर करंल आन् कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडं फिरवंल. वर सज्जाखाली लावतो की."

"फिरवला तर फिरवू दे," मामा खालून म्हणाले. "मला माणसाचं तोंड दिसलं पाहिजे. वरनं नुसती टकली बघत बसू का?"

मुलाणीनं माझ्याकडं बघितलं. मी वायरच्या भेंडोळ्याकडं बघितलं. आत स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज एकदम थांबला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला, पण आधीपेक्षा जोरात.

मामा म्हणजे माझे सासरे, शिवदास वेळापुरे. बार्शीच्या पेठेत आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची, त्यांची मुलंही अण्णाच म्हणायची. मी त्यांना मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या, कारण आमच्याकडं सुनांनी असंच म्हणायची रीत. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ते कॅमेऱ्याचं मशीन कधीच भंगारात गेलं. पण तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि त्या घरात कोण कुणावर रुसलंय आणि कोण कुणाला लपवतंय हे मला नुकतंच उमगायला लागलं होतं.

कॅमेरे लावायचं निमित्त म्हणजे गल्लीतल्या एकांचा तांब्याचा बंब चोरीला गेला. आता बंबात पाणी कोण तापवतं? ज्यांचा गेला त्यांनासुद्धा तो गेल्याचं आठवडाभरानं कळलं. पण मामांनी तेवढंच धरून ठेवलं. "काळ वाईट आलाय, घरात माल असतो, मी दिवसभर दुकानात, घरात दोन बायका," असं जेवताना रोज सुरू झालं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. कॅमेरा कुणासाठी येतोय हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येक जण बंबाबद्दलच बोलत होता.

तो येत होता महेंद्र भावोजींसाठी. माझे मोठे दीर. आधी तेच मामांच्या बरोबर गल्ल्यावर बसायचे. मामांनी त्यांच्यासाठी आपल्यातलीच एक मुलगी बघितली, तारीख ठरवली, पाहुण्यांना निरोप गेला, आणि भावोजी सरोजताईंशी नोंदणी लग्न करून दारात येऊन उभे राहिले. सरोजताई दवाखान्यात नर्स, जात वेगळी. मामा पुढच्या दारात उभे राहून म्हणाले, "ह्या दारातनं तू परत आत यायचं नाहीस." आणि आत्यांना म्हणाले, "त्याच्या उंबऱ्याला पाय लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." हे सगळं मी यायच्या आधीचं. मला ते माझ्या नवऱ्यानं, संदेशनं सांगितलं, आणि वर म्हणाला, "मला यात ओढायचं नाही." संदेशचं सगळ्याच बाबतीत हेच असतं.

आत्यांनी शपथ पाळली. भावोजींच्या घरी त्या कधी गेल्या नाहीत. पण त्यांनी त्या बोलण्यातनं आपली वाट काढली. मला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं, "हे बघ हेमा, ते म्हणाले 'ह्या' दारातनं. पुढचं दार त्यांचं. मागचं माझं."

मागचं दार बोळात उघडायचं. मामा सकाळी दुकानात गेले की रात्री जेवायलाच परत यायचे, दुपारचा डबा दुकानात जायचा. त्यामुळं आठवड्यातनं दोनदा तरी भरदुपारी भावोजी बोळातनं यायचे. ते प्लायवूडच्या दुकानात नोकरीला होते, जेवणाची सुट्टी तेवढीच. बरोबर कधी सरोजताई असायच्या, आणि कडेवर त्यांची लेक गार्गी. पोरगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. आत्या तिला मांडीवर घेऊन वरणभात भरवायच्या आणि भावोजी मुकाट जेवायचे. गुडघे गेलेली ती बाई, एरवी पाटावरनं उठताना देवाला चार हाका मारणारी, त्या दुपारी चुलीपासनं दारापर्यंत भिरभिरत असायची. मला ते बघायला फार आवडायचं. माझं माहेर कुर्डुवाडीचं, घरात सतत आरडाओरडा आणि हसणं. ह्या घरात हसू यायचं ते मागच्या दारानंच.

आणि त्या दारावरच मामा कॅमेरा ठोकून घेत होते.

मुलाणीनं दिवसभर भिंतीला भोकं पाडली, पट्ट्यांमधनं वायरी फिरवल्या, जिन्याखालच्या कपाटात मशीन बसवलं आणि टीव्हीवर चारही चौकोन दाखवले. पुढचं दार, हॉल, गच्ची, मागचं दार. पण मोबाईलवर दिसायचं काम त्याच्यानं होईना. ॲप उघडलं की नुसतं गोल गोल फिरायचं. तो म्हणाला, "नेटचा लोच्या आहे, उद्या पोराला पाठवतो." मामांना उद्यापर्यंत कुठला दम?

"तू शिकलीयस ना हे?" त्यांनी मला विचारलं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. लग्न जुळवताना तो फक्त बायोडाटात लिहायला उपयोगी पडला होता; घरात पहिल्यांदा त्याची आठवण झाली ती अशी. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मी बघितलं तर राऊटरपासनं मशीनपर्यंत आलेल्या वायरीचं टोक नीट बसलंच नव्हतं, दाबल्यावर टक् वाजलं. मग मशीनची नेटची पानं उघडून दोन ठिकाणी खूण केली, झाकणावरचा चौकोनी कोड मामांच्या मोबाईलनं टिपला, पासवर्ड घातला. आणि मामांच्या तळहातावर आमचं घर आलं.

"हे मला दुकानातनं दिसंल?"

"दुकानातनं, सोलापुरातनं, कुठनंही. चारही एकदम दिसतात बघा."

"चार नकोत. हा मागचा एकच मोठा करून दे."

मी मोठा करून दिला. त्यात आत्या दिसल्या. त्या दारात उभ्या राहून नेमक्या कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघत होत्या. त्यांची ती नजर मामांनी बघितली की नाही कुणास ठाऊक, पण त्यांनी मोबाईल खिशात घातला आणि मुलाणीच्या चहाचं बघायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी माझ्या फोनवरनं भावोजींना फोन लावून घेतला. "येऊ नको रे राजा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग पलीकडनं काय काय बोलणं झालं ते नुसतं ऐकत राहिल्या. फोन माझ्या हातात देताना म्हणाल्या, "तो म्हणतो, अण्णांना बघायचं असंल तर बघू दे, मी येतो. मी म्हटलं, नको. ते तिथनं उठून येतील आणि जेवत्या ताटावरनं तुला उठवतील. तसं झालं तर मी मरंन."

"आत्या, आपण दुसरीकडं भेटू. देवळात?"

"देवळात? अगं, मी रिक्षात बसले की संध्याकाळी पेठेतली चार माणसं ह्यांना विचारतील, वहिनी कुठं निघाल्या होत्या म्हणून. आणि हे गुडघे!" मग माझ्याकडं जरा आशेनं बघून म्हणाल्या, "तुला येतं ना गं ते सगळं? दुपारचं जरा बंद करून टाकत जा की."

तेही करून बघायची पाळी आली नाही. दोनच दिवसांनी लाईट गेली, आणि पंखा पुरता थांबायच्या आत माझा फोन वाजला.

"हेमा, मागचा दिसंना."

"लाईट गेलीय मामा."

"आली की सांग."

आली तेव्हा मी सांगायच्या आधीच त्यांचा फोन आला, "आली बघ." म्हणजे माणूस दुकानात बसून दुसरं काही करतच नव्हता. दुकानात त्यांच्याबरोबर बसणाऱ्या संदेशनं सांगितलं, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी अण्णांचा एक डोळा मोबाईलमध्ये असतो. मी म्हटलं, "तू विचारत का नाहीस, काय एवढं बघता म्हणून?" तर म्हणाला, "तू विचार."

असे आषाढ, श्रावण, भाद्रपद गेले. आत्यांचं खाणं कमी झालं. दुपारी मागच्या उंबऱ्यावर बसायच्या त्या आता आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायच्या. जाता येता त्या कॅमेऱ्याला शिव्या घालायच्या, त्याही तोंडावर पदर धरून, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की त्याला ऐकूही येतं. मी म्हटलं, आपल्या कॅमेऱ्याला ऐकू येत नाही हो. पण त्यांचा विश्वास बसला नाही. सरोजताई मला गार्गीचे फोटो पाठवायच्या, मी आत्यांना दाखवायचे. पोरगी उभी राहिली. पोरगीला दात आले. एकदा फोटो बघता बघता आत्यांनी मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाल्या, "फोटोला काय जेवू घालू मी?" आणि रडायला लागल्या. मला मामांचा इतका राग आला की त्या दिवशी त्यांच्या डब्यात मी मुद्दाम लोणचं घातलं नाही. ह्याच्यापलीकडं सुनेच्या हातात असतं काय?

मग खंडेनवमी आली.

आमच्या घरात खंडेनवमी दिवाळीपेक्षा मोठी. दुकानातला तराजू, वजनं, हातोड्या, भांड्यांवर नावं घालायचं यंत्र सगळं धुऊन पुसून मांडायचं. घरातली विळी, मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर, काही म्हणजे काही सुटायचं नाही. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही, हा मामांच्या आजोबांपासनं चालत आलेला नियम. वर्षभर राबतं त्याला एक दिवस विसावा. त्या दिवशी आमच्याकडं कांदासुद्धा बुक्कीनं फोडतात. मामा दुकान उघडायचे, पण वजनावर काही विकायचे नाहीत. बसायचे, येईल त्याला प्रसाद द्यायचे. एकदा लग्नाच्या भांड्यांचं आख्खं गिऱ्हाईक त्यांनी परत पाठवलं होतं, तराजू विसाव्याला आहे म्हणून. पेठेत लोक अजून ती गोष्ट सांगतात.

पुरण पहाटेच वाटून झालं होतं. मामांनी घरातली पूजा आटोपली, स्कूटरला हार घातला, आणि पायीच दुकानात जायला निघाले. चपलेत पाय घालणार तेवढ्यात आत्या आतनं म्हणाल्या,

"त्या कपाटातल्याची राहिली."

"कशाची?"

"मशीनची. राबत नाही का ते? रात्रंदिवस राबतंय बिचारं."

मी हातातली आरतीची ताटली खाली ठेवली. आत्या हळदीकुंकवाचा करंडा घेऊन जिन्याशी येऊन उभ्याही राहिल्या होत्या. चेहरा अगदी साधा.

"त्याला वाहा की हळदकुंकू," मामा म्हणाले. "चालू असताना वाहिलं तरी चालतंय."

"तराजू चालू ठेवता का आज?"

मामांनी चपलेकडं नेलेला पाय मागं घेतला.

"स्कूटर चालू ठेवली का? मला मिक्सर लावू देता का? मग सगळ्यांना विसावा आणि त्यालाच का नाही? का ते हत्यार नाही?"

संदेश शर्टाचं बटण लावता लावता थांबला आणि मग हळूच पुढच्या दारातनं सटकला. मामा बराच वेळ त्या कपाटाकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, आता भडका उडणार. पण ते म्हणाले, "बरोबर आहे. द्या विसावा." आणि गेले.

मी बटण दाबलं. मशीनचे दिवे विझले. आत्यांनी त्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि वाकून नमस्कारसुद्धा केला. मग उठता उठता मला म्हणाल्या, "फोन लाव."

भावोजी आले. सरोजताई आल्या. आणि गार्गी बोळातनं चालत आली. भिंतीला न धरता, हात वर करून, डुलत डुलत. आत्या दारात उभ्या होत्या त्या तिथंच मटकन खाली बसल्या. "अगं माझे बाई, कधी चालायला लागलीस गं? मला न सांगता चालायला लागलीस?" असं म्हणून तिला छातीशी घेतलं, तर पोरगीनं भोकाड पसरलं. इतक्या दिवसांत ती आत्यांना विसरली होती. तेही आत्यांनी गिळलं. पुरणाची वाटी समोर आली तशी मात्र पोरगी गप्प झाली आणि बोटांनी चाटून पुसून वाटी रिकामी केली. भावोजी एकेक पोळी खात होते आणि मधेच कपाटाकडं बघत होते. "खरंच बंद आहे ना?" त्यांनी मला दोनदा विचारलं. निघताना आत्यांनी गार्गीच्या गालाचे इतके मुके घेतले की ती परत रडली. "आता पुढच्या खंडेनवमीला," असं आत्या हसत म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या, त्या दिवेलागणीलाच उठल्या.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाल्यावर मामा म्हणाले, "हेमा, ते मशीन सुरू कर." मी कपाट उघडून फूल बाजूला केलं आणि बटण दाबलं. मामा माझ्या मागंच येऊन उभे राहिले.

"काल पूजेपासनं बंदच होतं?"

"हो मामा."

"म्हणजे त्यात कालचं काही नसंल."

"नाही. बंद असल्यावर त्यात काही साठत नाही."

"हं." जरा थांबून त्यांनी विचारलं, "काल कुणी आलं होतं का?"

मी उत्तर रात्रीच ठरवून ठेवलं होतं. "शेजारच्या काकू आल्या होत्या हळदीकुंकवाला. बाकी कोण येणार?"

"मागनं?"

"मागनं कुणीच नाही."

मी त्यांच्याकडं पाठ करूनच बोलत होते. मला वाटलं, आता उलटतपासणी होणार. पण मागं काहीच आवाज येईना, म्हणून वळून बघितलं, तर मामा जिन्याच्या पायरीवर बसले होते. सणाचं नवं धोतर नेसून, धुळीत.

"म्हणजे कालसुद्धा आला नाही तो," ते म्हणाले.

मला काही कळेना.

"मला वाटलं, मशीन बंद आहे म्हटल्यावर निदान सणाला तरी येईल. म्हणून तर मी हो म्हटलं. नाहीतर असल्या डबड्याचा कुणी विसावा करतं का?" त्यांनी हातानं तोंड पुसलं. "मुलाणीला बोलव आणि मागचा काढून टाक. ज्याच्यासाठी लावला, तो यायचाच बंद झाला."

"कुणासाठी लावला मामा?"

"बंब चोरायला कोण येतंय गं माझ्या घरात?" ते एकदम चिडले. "ही मागनं त्याला जेवायला घालते, हे काय मला ठाऊक नव्हतं? एकदा रात्री दोरीवर झबलं वाळत होतं. तुमच्या घरात अजून पाळणा नाही, मग झबलं कुणाचं? तेव्हापासनं ठाऊक आहे. म्हटलं, कुणाला काही बोलायला नको, विचारायला नको. दुकानात बसल्या बसल्या नात बघावी, पोराचं तोंड बघावं. कोण कशाला बघतंय कुणाला कळतंय? आणि लावला त्या दिवसापासनं बोळात मांजरसुद्धा फिरकलं नाही."

"मग तोंडानं सांगायचं ना मामा!"

"काय सांगू? बाहेर काढलं ते मीच. आता मीच ये म्हणू?" मामांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी बघितलं. त्याच माणसाचा मी इतके दिवस मनातनं उद्धार करत होते, आणि आता मला त्यांच्याशेजारी पायरीवर बसावंसं वाटलं. आमच्याकडं सून सासऱ्याशेजारी बसत नाही. मी कपाटाला टेकून उभी राहिले.

"मामा, आले होते."

त्यांनी मान वर केली.

"काल आले होते. तिघंही. मी खोटं बोलले."

"पोरगीसुद्धा?"

"पोरगीसुद्धा. चालत आली."

"चालते?"

"सुटी चालते. बोळाच्या तोंडापासनं आली."

"खाल्लं काही?"

"वाटी चाटून पुसून पुरण खाल्लं."

"कुणावर गेलीय?"

"रंग सरोजताईंचा. हट्ट तुमचा."

मामा हसले, आणि हसता हसताच त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. मग उठून उभे राहिले, धोतर झटकलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या आत्याला ह्यातलं काही सांगू नकोस."

"का?"

"हसंल ती."

मी तासाभरात सांगून टाकलं. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे मला अजीर्ण झालं असतं. आत्या मागच्या अंगणात आपट्याची पानं निवडत बसल्या होत्या. मला वाटलं, त्या हसतील, नाहीतर रडतील, निदान देवापुढं साखर ठेवतील. त्यांनी पानांची परडी बाजूला ढकलली आणि तडकल्या.

"इतके महिने! माझं लेकरू इतके महिने दारात आलं नाही, पोरगी मला वळखंना झाली, आणि हे तिकडं बसून वाट बघायलेत? अगं, देवानं जीभ कशाला दिलीय माणसाला? सुंभ जळाला तरी पीळ म्हणून जायचा नाही!"

"जाऊ द्या आत्या. आता सगळं बरंच झालं की. मी भावोजींना सांगते, कॅमेरा चालू असला तरी या. मामांना बघू दे."

"ये म्हणून सांग. पण ह्यांना दिसू द्यायचं नाही."

"अहो आत्या!"

"का दिसू द्यायचं? मी फोटो बघून दिवस काढले, माझं पोट भरलं का? मग ह्यांचं कसं भरंल? नात बघायचीय ना? मग दारात येऊन बघा म्हणावं. गल्ल्यावर बसून नातवंडं बघायची म्हणजे काय सिनेमा आहे?"

त्यांचं हे बोलणं मामांना सांगायचं मला धाडस झालं नाही. आत्यांनीही सांगितलं नाही. दोघं एकमेकांना सोनं देऊन पाया पडून मोकळे झाले, आणि घरात बंबाचासुद्धा विषय निघाला नाही.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी भावोजी गार्गीला घेऊन आले. ते बोळात दिसल्याबरोबर आत्यांनी नवरात्रात ओटीत आलेला एक हिरवा खण घेतला, कॅमेऱ्यावर टाकला आणि वरनं रबर लावलं. मग हात झटकून तव्याकडं वळल्या.

मी फोन हातात धरून उभी राहिले. आता वाजेल, मग वाजेल. काय सांगायचं? लाईट गेली म्हणून? फोन वाजला नाही. मला भीती वाटायला लागली. वाटलं, मामांनी मनाला लावून घेतलं. काळा पडदा बघितला, काय झालं ते ओळखलं, आणि मोबाईल पालथा घालून ठेवला. आता हे दार त्यांच्यासाठी कायमचं बंद झालं, आणि ते आपणच बंद केलं.

"आत्या, काढू का खण?"

"हात लावून बघ," आत्या म्हणाल्या.

दुकानात काय झालं ते संदेशनं रात्री सांगितलं. अण्णा एका बाईला घागरी दाखवत होते. एक डोळा नेहमीसारखा मोबाईलमध्ये. एकदम हात थांबला. मोबाईल उचलून डोळ्यांजवळ धरला, झटकला, परत बघितला. बाई म्हणाली, "वजन करा की." तर अण्णा म्हणाले, "पोरगा करतोय," आणि तसेच पायऱ्या उतरून गेले. स्कूटरची किल्ली गल्ल्यावरच राहिली.

भावोजींच्या ताटात तिसरी भाकरी पडली होती आणि गार्गी चुलीपासनं लांब राहावी म्हणून मी तिच्यापुढं वाट्या मांडत होते. बोळात पावलं वाजली. भावोजींचा घास हातातच राहिला. मागच्या दारात मामा उभे होते. धापा टाकत, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. डोक्यावर तो हिरवा खण त्यांच्या टोपीला लागत होता.

भावोजी उठायला लागले. आत्या तव्याकडं बघतच म्हणाल्या, "ताटावरनं उठायचं नाही."

गार्गी वाटी टाकून उठली आणि डुलत डुलत दाराकडं निघाली. मामा तिच्याकडं बघत राहिले. मग बळंच माझ्याकडं बघून म्हणाले,

"हेमा, मशीन बिघडलंय का गं? काळं दिसायलंय. म्हटलं, जाऊन बघावं."

मी तर हसू दाबायला पदर तोंडात कोंबला होता.

"बिघडलंय," आत्या म्हणाल्या. "ते आता नीट व्हायचं नाही. आत या. आणि चपला वर ठेवा, पोरगी तोंडात घालते."

मामांनी चपला काढल्या आणि हातात धरून तसेच उभे राहिले. मागच्या दाराशी चपला कुठं ठेवतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. गार्गीनं त्यांचं धोतर धरलं होतं, त्यामुळं त्यांना हलताही येईना. भावोजी उष्ट्या हातानंच उठले. डाव्या हातानं त्यांनी मामांच्या हातातल्या चपला घेतल्या.

"इथं, अण्णा," ते म्हणाले, आणि दारामागच्या फळीवर आपल्या चपलांशेजारी त्या ठेवून दिल्या.